पाणी आधी, ताकद नंतर

हे पुस्तक एकाच गाडीबद्दल आणि दोनच तक्रारींबद्दल आहे. गाडी म्हणजे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५. १९८९ ते १९९७ या काळात हिरोशिमात बनलेली, दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्‌स कार. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात; जपानमध्ये ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. तक्रारी म्हणजे ‘गाडी गरम होते’ आणि ‘गाडीला पूर्वीसारखा पिकअप राहिला नाही’. गॅरेजमध्ये ही दोन वेगळी कामं म्हणून लिहून घेतली जातात. पहिल्यासाठी होज, रेडिएटर, थर्मोस्टॅट बदलतात. दुसऱ्यासाठी प्लग, फिल्टर, कधी महागडी कॉइल. पैसे जातात आणि थोड्याच दिवसांत गाडी पुन्हा त्याच रॅम्पवर चढते. माझं म्हणणं असं की या दोन्ही तक्रारी एकाच इंजिनाच्या आहेत, त्या एकत्रच तपासाव्या लागतात आणि तपासाचा क्रमही ठरलेला आहे: आधी पाणी, मग ताकद. पुढची सगळी प्रकरणं म्हणजे याच एका वाक्याचा विस्तार आहे.

जुन्या स्पोर्ट्‌स कार पुष्कळ आहेत, मग हीच का निवडली? साठच्या दशकातल्या एमजी, ट्रायम्फ, लोटस एलान या ब्रिटिश गाड्यांनी उघड्या टपाच्या, हलक्या गाडीचं वेड जगाला लावलं आणि तेलाची गळती, विजेची कटकटही सोबत दिली. एमजीबी १९८० साली बंद झाली तेव्हा हा प्रकारच संपला, असं अनेकांना वाटलं. त्याच सुमारास, १९७९ मध्ये, बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझदाचे केनिची यामामोतो यांच्याकडे असा हट्ट धरला, की तुम्ही एक साधी, स्वस्त, मागच्या चाकांवर चालणारी रोडस्टर बनवा. पुढे हॉल स्वतः माझदात गेले, यामामोतो कंपनीचे अध्यक्ष झाले आणि तोशिहिको हिराई यांच्या नेतृत्वाखाली ही गाडी तयार झाली. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती लोकांनी पहिल्यांदा पाहिली. एप्रिल २०१६ मध्ये सगळ्या पिढ्या मिळून दहा लाखावी एमएक्स-५ कारखान्याबाहेर पडली. दोन आसनांच्या उघड्या गाड्यांत इतका खप दुसऱ्या कुठल्याही गाडीचा झालेला नाही.

या खपाचा एक परिणाम दुरुस्तीच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. गाडी अजून रस्त्यावर आहे, सुटे भाग मिळतात आणि तिचे आजार जगभरातल्या हजारो मालकांनी बारकाईने पाहिलेले आहेत. माझदाने २०१७ साली जपानमध्ये या पहिल्या पिढीच्या पुनरुज्जीवनाची योजना जाहीर केली आणि बंद पडलेले काही भाग पुन्हा बनवायला घेतले. पण पहिल्या पिढीतली सर्वांत धाकटी गाडीही आता तिशीला टेकली आहे. मीटरवर किलोमीटर कमी असले तरी रबर वयाने थकतं, प्लॅस्टिक वयाने ठिसूळ होतं, वायरचं आवरण वयाने तडकतं. गॅरेजमध्ये जपून ठेवलेली, फारशी न चाललेली गाडी घेणाऱ्याने हे पहिल्यांदा ध्यानात घ्यावं.

या गाडीच्या पाण्याचा स्वभाव कळायचा, तर इंजिन आलं कुठून ते पाहायला हवं. १५९७ सीसीचं, दोन कॅमशाफ्टचं, सोळा व्हॉल्व्हचं हे बी-सिक्स इंजिन माझदाच्या ३२३ या घरगुती गाडीच्या घराण्यातलं. ३२३ मध्ये इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. तिथे पाण्याची वाट सरळ होती: पंप एका टोकाला, बाहेर पडायचं तोंड दुसऱ्या टोकाला. पाणी पहिल्या सिलिंडरकडून शिरायचं आणि चारही सिलिंडर ओलांडून शेवटी बाहेर पडायचं. रोडस्टरमध्ये हेच इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने उभं बसवलं. आता त्याचं मागचं टोक फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यातल्या पत्र्याला, जाऊन भिडलं. म्हणून थर्मोस्टॅट पुढे, पंपाच्याच बाजूला आणला. मुख्य प्रवाह पुढून शिरतो आणि पुढूनच बाहेर पडतो. तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरच्या वाट्याला त्यामानाने कमी पाणी येतं. मागच्या टोकाने पाणी बाहेर पडायला एकच रस्ता उरला, तो हीटरचा.

रोजच्या वापरासाठी ही रचना पुरते. इतक्या वर्षांत इतक्या गाड्यांनी ते दाखवून दिलं आहे. शर्यतीत गाडी पळवणारे आणि टर्बो बसवणारे लोक मात्र जुनी वाट परत आणतात: थर्मोस्टॅट मागे नेतात आणि तिथून रेडिएटरपर्यंत लांब होज टाकतात. साध्या मालकाला त्याची गरज नाही. त्याने एवढंच लक्षात ठेवावं, की हीटरचे होज हिवाळ्यात केबिन गरम करतात, शिवाय इंजिनाच्या मागच्या टोकाचं पाणीही तेच फिरतं ठेवतात. हीटर गळतो म्हणून दोन्ही तोंडांना डट्टे मारून गाडी वापरणारे पुष्कळ आहेत. असं करणं म्हणजे जिथे आधीच पाणी कमी आहे, तिथलं उरलेलं पाणीही थांबवणं. हीटर तात्पुरता वगळायचाच असेल, तर दोन्ही तोंडं एका होजने एकमेकांना जोडावीत, म्हणजे प्रवाह चालू राहतो.

आता होजकडे जवळून पाहू. गाडीचे होज ईपीडीएम या रबराचे असतात, मधे धाग्याची वीण असते. हे रबर उष्णता सोसतं, कूलंट सोसतं. इंजिन ऑइल मात्र सोसत नाही. या गाडीत हेडच्या मागच्या बाजूला, हीटरच्या होजच्या अगदी वर, कॅम अँगल सेन्सर बसतो. त्याची ओ-रिंग वयाने कडक होते आणि तेल झिरपू लागतं. थेंब पडतो तो नेमका हीटरच्या होजवर. असा होज बाहेरून काळा, चकचकीत, जवळजवळ नवा दिसतो. बोटाने दाबला तर पिकलेल्या चिकूसारखा आत जातो. त्याच्या जागी नवा होज टाकला आणि ओ-रिंग तशीच ठेवली, तर नवाही त्याच वाटेने जाणार. ओ-रिंग अगदी स्वस्त मिळते आणि ती बदलायला सेन्सरचा एकच बोल्ट सोडावा लागतो. फक्त काढण्यापूर्वी सेन्सर आणि हेड या दोन्हींवर मिळून एक खूण करावी, कारण इंजिनाचं इग्निशन टायमिंग याच सेन्सरच्या कोनावर ठरतं. पाण्याचं काम करता करता ताकदीचा प्रश्न उभा राहतो, तो असा.

होज आतूनही मरतो. इंजिनाचा धातू, कूलंट आणि रबरातला कार्बन यांच्यात सूक्ष्म विद्युत-रासायनिक क्रिया चालते आणि होजच्या आतल्या अंगाला, बहुधा टोकांजवळ, लांबट चिरा पडतात. बाहेरून काहीच दिसत नाही. तपासायची रीत सोपी आहे. इंजिन पूर्ण थंड असताना क्लिपपासून दोन बोटांवर होज अंगठा आणि तर्जनीत धरून दाबावा, मग मधोमध दाबावा. दोन्हीकडे सारखा ताण लागला, तर होज ठीक. टोकाकडे मऊ आणि मधे कडक लागला, किंवा दाबताना आतून करकर जाणवली, तर तो काढावा. क्लिपच्या खाली वाळलेल्या कूलंटचा पांढरट किंवा हिरवट थर असेल, तर गळती चालू आहे. गाडी उभी असताना ती बंद असते एवढंच.

काढतानाही सबुरी लागते. हीटरच्या तोंडाचा धातू पातळ असतो. पक्कड लावून होज पिळला की तोंड वाकतं किंवा सांध्यातून सुटतं, आणि मग डॅशबोर्ड उतरवण्याची वेळ येते. जुना होज वाचवायचा नसतोच. ब्लेडने लांबीत चीर द्यावी आणि सालासारखा सोलून काढावा. क्लिपच्या बाबतीत मूळची स्प्रिंगची क्लिप चांगली. रबर गरम झालं की फुगतं, थंड झालं की आकसतं, आणि स्प्रिंग दोन्ही वेळा सारखी पकड ठेवते. स्क्रूची क्लिप ती पकड ठेवत नाही, म्हणून लोक ती पुन्हा पुन्हा आवळत जातात आणि शेवटी पट्टी रबरात रुतते.

एवढ्याशा गळतीने एवढं काय बिघडतं, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचं उत्तर दाबात आहे. रेडिएटरचं टोपण साधारण ०.९ बार दाब धरून ठेवतं. समुद्रसपाटीला उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. या दाबाखाली तेच पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं आणि निम्मं कूलंट असेल तर त्याहूनही वर. होजला सुईएवढं छिद्र पडलं, टोपणाचं रबर सुकलं, रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी तडकली, की दाब टिकत नाही आणि हे संरक्षण जातं. मग हेडच्या सर्वांत गरम जागी, म्हणजे एग्झॉस्ट व्हॉल्व्हच्या शेजारी, पाण्याची वाफ होऊ लागते. वाफ पाण्याइतकी उष्णता नेत नाही. पाणी लिटरभरच गेलेलं असतं, पण मार तिथल्या ॲल्युमिनियमला बसतो. म्हणून पाण्याचं निदान प्रेशर टेस्टरने करावं: थंड इंजिनावर टोपणाच्या जागी पंप लावायचा, टोपणाइतकाच दाब द्यायचा आणि काटा स्थिर राहतो का ते पाहायचं. रेडिएटरच्या टाकीचा रंगही बोलतो. नवी टाकी काळी असते. हिरवट-तपकिरी झाली, की तिचं आयुष्य संपत आलं.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर किती विसंबायचं, यालाही मर्यादा आहे. तो काटा मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ हलत नाही आणि हलतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. १.६ लिटरच्या गाडीत काट्याचा सेन्सर हेडच्या मागच्या टोकाला असतो, तर पंख्याचा स्विच पुढे थर्मोस्टॅटपाशी. दोघे दोन वेगळ्या ठिकाणचं पाणी पाहतात. पाणी इतकं कमी झालं की सेन्सर वाफेत किंवा हवेत उघडा पडला, तर काटा खाली येऊ शकतो आणि चालवणाऱ्याला वाटतं, बरं झालं, गाडी थंड झाली. होज बदलल्यावर हवा काढण्याचं काम म्हणूनच मन लावून करावं. गाडीचा पुढचा भाग उचललेला, हीटरचा खटका पूर्ण गरमवर, टोपण उघडं, इंजिन थंड अवस्थेतून सुरू करून आयडलवर, आणि अधूनमधून वरचा होज हाताने दाबत राहायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. पूर्ण यंत्रणेत साधारण ६ लिटर मावतं. भरलं किती ते मोजावं. त्यात मोठी तफावत पडली तर हवा अजून आत आहे.

मुंबई-पुणे रस्त्यावर बोरघाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या प्रीमियर पद्मिनी ज्यांच्या आठवणीत आहेत, त्यांच्या हाताला एक सवय असते: गाडी गरम झाली, की टोपण फिरवून पाणी ओतायचं. या गाडीच्या बाबतीत ती सवय सोडावी. गरम इंजिनाचं टोपण उघडलं की दाब एका क्षणात जातो, सगळं पाणी एकदम उकळतं आणि तोंडावर येतं. शिवाय इथे ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं आहे. दोघे वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी पडलं की हेड वाकण्याची, गॅस्केट उडण्याची भीती खरी असते. गाडी थांबवावी, इंजिन बंद करावं आणि हाताला सोसेल इतकं ते निवू द्यावं. नळाचं पाणीही या इंजिनाला चालत नाही. त्यातल्या क्षारांचा थर बसतो आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं, हे प्रमाण उत्तम.

आता ताकदीकडे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या १.६ लिटरच्या गाडीची ताकद ११६ अश्वशक्ती, तीही ६५०० फेऱ्यांना. गाडीचं वजन एका टनाच्या आत. म्हणजे ही गाडी मुळातच वजन वाचवून चपळ झालेली आहे; ताकदीचा साठा तिच्याकडे फार नाही. दहा-पंधरा अश्वशक्ती हरवल्या की लगेच जाणवतं. परंतु जाणवणं हा पुरावा नव्हे. समुद्रसपाटीवरची गाडी डेन्व्हरसारख्या १६०० मीटर उंचीच्या शहरात नेली, तर हवा विरळ म्हणून इंजिन सहाव्या-सातव्या हिश्श्याने अशक्त होतं. त्यात दोष कुणाचाच नसतो. मागच्या ब्रेकचा कॅलिपर अडकून चाक धरून ठेवत असेल, क्लच घसरत असेल, ॲक्सिलरेटरची केबल सैल पडून थ्रॉटल पूर्ण उघडत नसेल, तरी मालक म्हणतो इंजिन ओढत नाही. म्हणून पहिली तपासणी इंजिनाच्या बाहेरची. सपाट जागेवर न्यूट्रलमध्ये गाडी ढकलून पाहावी. मग एकाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगून दुसऱ्याने बॉनेटखाली थ्रॉटल कुठवर जातो ते डोळ्यांनी पाहावं.

इंजिनाच्या आत शिरल्यावर तीन गोष्टी पाहायच्या: हवा, ठिणगी आणि टायमिंग. १९९३ पर्यंतच्या गाड्यांत आत येणारी हवा एका झडपेच्या मीटरने मोजली जाते. हवेच्या जोराने झडप किती उघडली, त्यावर कॉम्प्युटर पेट्रोल ठरवतो. या मीटरपासून थ्रॉटलपर्यंत जाणारा रबरी पाइप घड्याघड्यांचा असतो आणि त्या घड्यांच्या तळाशी चीर पडते. इंजिन थंड, स्थिर असताना ती मिटलेली राहते. रेस दिली की इंजिन आपल्या माउंटिंगवर डोलतं, चीर उघडते, न मोजलेली हवा आत शिरते आणि नेमक्या जोराच्या वेळी पेट्रोल कमी पडतं. गाडी गचका खाते. हा पाइप काढून, हाताने ताणून, घडी न् घडी उजेडात पाहिल्याशिवाय त्याला निर्दोष म्हणू नये. चीर सापडली नाही तर धुराची चाचणी घ्यावी. पेट्रोलजन्य स्प्रे गरम इंजिनावर मारून गळती शोधण्याची पद्धत आगीला आमंत्रण देते. पुस्तकात ती मी मुद्दाम दिलेली नाही.

ठिणगीचं पाहू. कॉइल हेडच्या मागे असते आणि तिथून प्लगपर्यंत लांब वायर येतात. वायर थकल्या, की वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, चढ चढताना गाडी मिसिंग मारते. कारण तेव्हा सिलिंडरमधला दाब जास्त असतो आणि ठिणगीला उडी मारायला सर्वाधिक ताकद लागते. वायरच्या आवरणातून बाहेर पळणं तिला सोपं पडतं. रात्री, अंधारात, इंजिन चालू ठेवून पाहिलं तर वायरच्या कडेने निळसर चमक कधी कधी स्पष्ट दिसते. प्लगचं अंतर १.० ते १.१ मिलिमीटर. काढलेले चारही प्लग क्रमाने मांडून पाहावेत. एकटाच प्लग वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरचा, चारही सारखेच काळे झाले असतील तर दोष सामाईक.

त्या सामाईक काळेपणाचं कारण पुष्कळदा पाण्यात सापडतं. कॉम्प्युटरला इंजिनाचं तापमान सांगणारा सेन्सर कूलंटमध्येच बुडलेला असतो. थर्मोस्टॅट उघडा अडकला, तर इंजिन कधीच पुरेसं गरम होत नाही. कॉम्प्युटर त्याला गारठलेलं समजून जास्तीचं पेट्रोल देत राहतो. मायलेज पडतं, प्लग काजळतात, गाडी सुस्त होते, आणि डॅशबोर्डवरचा काटा थोडासाच खाली दिसल्याने कुणाला संशय येत नाही. सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर बिघडला, तरी तेच. अशा गाडीला नवे प्लग, नवी कॉइल, नवे इंजेक्टर घालून काहीही हाती लागत नाही. १९९६ पूर्वीच्या अमेरिकन गाड्यांत आजचा स्कॅनर लागतही नाही. त्यांच्या निदानपेटीतल्या दोन पिना तारेने जोडून दिव्याची उघडझाप मोजावी लागते आणि मल्टिमीटरने सेन्सरचा रोध तपासावा लागतो.

टायमिंग हे या गाडीचं सर्वांत खोल प्रकरण. सुरुवातीच्या गाड्यांत, साधारण १९९१ च्या मध्यापर्यंत, क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं. त्यावर टायमिंग बेल्टचं चाक आणि पुली एका बोल्टने दाबून धरलेली असतात. चाकाची जागा ठरवायला एक छोटी चावी खाचेत बसवलेली असते. भार पेलायचा तो बोल्टच्या आवळणीने. चावी फक्त जागा दाखवते. टायमिंग बेल्ट साधारण १,००,००० किलोमीटरला बदलतात. त्या वेळी बोल्ट टॉर्क रेंचशिवाय अंदाजाने आवळला, की चाक प्रत्येक फेरीत कणभर हलू लागतं. हळूहळू चावी झिजते, खाच रुंदावते आणि कॅमशाफ्ट क्रँकच्या मागे पडतात. एका दिवसात काही होत नाही. महिन्यामागून महिने गाडी थोडी थोडी अशक्त होत जाते आणि मालकाला वाटतं, वय झालं. पुढच्या पुलीला चार खाचा असतील तर क्रँक आखूड टोकाचा समजावा. आठ असतील तर नंतरचा, लांब टोकाचा.

टायमिंग लाइट लावल्यावर खूण १० अंशांवर, स्थिर दिसायला हवी. तपासण्यापूर्वी निदानपेटीतल्या त्या दोन पिना जोडायच्या आणि आयडल ८५० फेऱ्यांच्या आसपास ठेवायचं. खूण मागे सरकलेली दिसली, तर सेन्सर फिरवून ती जागेवर आणण्याचा मोह होतो. अनेक गॅरेजमध्ये हेच करतात. त्याने ठिणगी वेळेवर येते, पण व्हॉल्व्ह उशिराच उघडत-मिटत राहतात आणि मूळ दोष झाकला जातो. खूण का सरकली, हे विचारल्याशिवाय सेन्सरला हात लावू नये. इंजिन चालू असताना पुली समोरून पाहावी. ती डगमगत असेल तर गाडी त्याच जागी बंद करावी आणि बोल्ट काढून चावी पाहावी. झीज थोडी असेल तर नवी चावी, नवं चाक आणि फटी भरून घट्ट धरणारं कंपाउंड वापरून क्रँक वाचतो. उशीर झाला तर सगळं इंजिन उतरवावं लागतं.

हा दोष पुन्हा पाण्यापर्यंत येतो. ठिणगी उशिरा पडली की ज्वलन लांबतं, जळता वायू एग्झॉस्टच्या वाटेने बाहेर पडताना जास्तीची उष्णता हेडला देतो आणि ती पाण्यालाच वाहून न्यावी लागते. म्हणजे नवा रेडिएटर, नवे होज घालूनही जी गाडी चढावर गरम होते, तिच्या क्रँकची चावी झिजलेली असू शकते. उलट, इंजिन मर्यादेबाहेर तापलं की नॉकिंग सुरू होतं. पहिल्या पिढीत नॉक सेन्सर नाही, त्यामुळे कॉम्प्युटर इंजिनाला वाचवायला येत नाही. नॉकिंग चालवणाऱ्याच्या कानालाच ओळखावं लागतं. पाणी, हवा, ठिणगी यांची प्रकरणं पुस्तकात वेगळी आहेत ती वाचायच्या सोयीसाठी. इंजिनात ती वेगळी नाहीत.

हे सगळं मराठीत लिहिण्यामागे माझी एक तळमळ आहे. एमएक्स-५ भारतात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. पण मिशिगनमध्ये, कॅलिफोर्नियात, इंग्लंडमध्ये नोकरीनिमित्त गेलेली मराठी माणसं जुनी रोडस्टर घेतात आणि शनिवार-रविवार तिच्याखाली घालवतात. त्यातली अनेक पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत घडलेली असतात. त्यांच्या डोक्यात इंग्रजी मॅन्युअल असतं आणि कानात आपल्या मिस्त्रीची मराठी: गाडी मिसिंग मारते, पिकअप नाही, टायमिंग सुटलंय, हेड उडालं. ही भाषा नेमकी आहे. त्यातला प्रत्येक शब्द एका निश्चित लक्षणाला चिकटलेला आहे आणि चांगला मिस्त्री त्यावरूनच निदानाला सुरुवात करतो. ती कागदावर फार कमी आली. ज्ञान हातातून हातात गेलं आणि ज्याला गुरू मिळाला नाही, तो वाचून शिकू शकला नाही. ती उणीव एका गाडीपुरती तरी भरून काढावी, म्हणून हा खटाटोप. ज्यांच्याकडे ही गाडी नाही, त्यांनाही रीत उपयोगी पडेल. पाण्यावर थंड होणाऱ्या कुठल्याही जुन्या पेट्रोल इंजिनाला प्रश्न हेच विचारायचे असतात. फक्त उत्तरं सापडण्याच्या जागा बदलतात.

पुस्तक वापरताना तीन शिस्ती पाळाव्यात. एक, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन भाग एकदम बदलून गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कळत नाही आणि आजार परतला की तपास पुन्हा पहिल्यापासून. दोन, बदलण्यापूर्वी आणि बदलल्यानंतर मोजायचं आणि लिहून ठेवायचं: टेस्टरचा दाब, टायमिंगचा कोन, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, एकाच मोकळ्या रस्त्यावर, कायद्याच्या वेगात, तिसऱ्या गिअरमध्ये एका ठरावीक फेऱ्यांपासून दुसऱ्या ठरावीक फेऱ्यांपर्यंत पोहोचायला लागणारे सेकंद. तीन, काढलेला भाग फेकण्यापूर्वी त्याला विचारायचं, तू का गेलास? फुटलेला होज, काजळलेला प्लग, झिजलेली चावी हे पुरावे आहेत. होज बदलल्याने गळती थांबते. तो तेलाने गेला, उष्णतेने की आतल्या चिरांनी, हे कळलं तरच ती पुन्हा होत नाही.

म्हणून पहिलं प्रकरण पाण्याचं आहे, आणि ते ओलांडून कुणी थेट ताकदीच्या प्रकरणावर जाऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ज्या इंजिनाचं तापमान ठरलेलं नाही, त्याचं टायमिंग, त्याचं पेट्रोल, त्याची ताकद, कशाचंच मोजमाप खरं नसतं. कॉम्प्युटर त्याच तापमानावर निर्णय घेतो, तेल त्याच तापमानावर पातळ होतं, धातूतली फट त्याच तापमानाला योग्य होते. यंत्रणा दाब धरते, पाणी चारही सिलिंडरपर्यंत पोहोचतं आणि इंजिन ठरावीक उष्णतेवर स्थिर राहतं, एवढी खात्री आधी करून घ्यावी. त्यानंतर ताकदीची तक्रार उरली, तर ती खरी तक्रार. तिचा माग कसा काढायचा, ते पुढच्या पानांत आहे. आणि पुष्कळ वाचकांना तिथवर जाण्याची गरजच पडणार नाही.